सोळाव्या वर्षी कॉलेज: कोणाच्या मुलांसाठी?

शिक्षणधोरणाची चर्चा सुरू झाली की आपल्या देशात दोन प्रकारची माणसे हमखास पुढे सरसावतात. पहिल्या प्रकारच्या माणसाला परदेशात गाजलेली प्रत्येक योजना येथे जशीच्या तशी आणावीशी वाटते. फक्त त्या योजनेमागे उभा असलेला सार्वजनिक पैसा तो विमानतळावरच विसरून येतो. दुसरा योजनेचे जन्मस्थान पाहूनच निकाल देऊन मोकळा होतो, आणि दुर्दैवाने तो आपल्या गोटातही आढळतो. अमेरिकेत निघाली, म्हणजे भांडवलदारांचा कावा. पुढे वाचावयाचे कारण नाही! 'अर्ली कॉलेज हायस्कूल' ही योजना ह्या दोघांचीही परीक्षा पाहणारी आहे, म्हणून तिचा येथे विचार करावयाचा आहे.

योजना थोडक्यात अशी. नववी ते बारावीचे हायस्कूल एखाद्या सार्वजनिक महाविद्यालयाच्या आवारात, किंवा निदान त्याच्याशी बांधून घेऊन, चालवावयाचे. मुले घ्यावयाची ती मुख्यत्वे अशा घरांतली, की जेथून आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. चार-पाच वर्षांत मुलाने शाळेचा दाखला तर मिळवावयाचाच, पण त्याबरोबर महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षा-दोन वर्षांचे विषयही उत्तीर्ण व्हावयाचे. आणि त्या विषयांच्या फीचा भार पालकावर पडू द्यावयाचा नाही. हुशार मुले निवडून त्यांना पुढे पळवण्याची ही युक्ती नाही. तिच्यामागची धारणा नेमकी उलट आहे. ज्याला शाळा 'मागे पडलेला' म्हणते त्याला अधिक सोपे काम देत राहिले तर तो मागेच राहतो; त्याला खरे, अवघड काम द्यावे आणि ते पेलण्यासाठी लागणारा आधार संस्थेने पुरवावा.

भाषांतर करणाऱ्यास ह्या नावाशी प्रथम झगडावे लागते. 'लवकरचे महाविद्यालय' हे काही मराठी नव्हे. बरेच शब्द खोडून झाल्यावर ध्यानात येते, की आपल्याकडे शब्द आहे आणि अर्धशतकापासून आहे. महाराष्ट्रात त्याला कनिष्ठ महाविद्यालय म्हणतात, कर्नाटकात पदवीपूर्व महाविद्यालय. सोळा वर्षांचा मुलगा दहावी उत्तीर्ण होतो आणि 'कॉलेजात' जाऊ लागतो. घरच्यांना अभिमान वाटतो, गणवेशाची कटकट संपली म्हणून त्यालाही बरे वाटते. अमेरिकेतल्या त्या मुलाला शाळेत ठेवून महाविद्यालय दिले जाते. आपल्या मुलाला शाळेतून बाहेर काढून महाविद्यालयाची पाटी दिली जाते. पाटीखाली काय आहे, हा प्रश्न आपण पन्नास वर्षे टाळत आलो आहोत.

होसकोट्याचा रस्ता

हा प्रश्न पाहावयास होसकोटे हे गाव सोयीचे आहे. मराठी वाचकाला हे नाव शहाजीराजांच्या जहागिरीच्या यादीत भेटलेले असते: बेंगळूरु, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, सिरा. आजचे होसकोटे हे बेंगळूरुच्या पूर्वेस, जुन्या मद्रास रस्त्यावरचे, महानगराने जवळजवळ गिळत आणलेले तालुक्याचे ठिकाण आहे. व्होल्व्होचा मालमोटारींचा कारखाना येथे १९९८ पासून आहे. चेन्नईकडे जाणारा नवा द्रुतगती महामार्ग येथूनच सुरू होतो. घरपोच माल पाठवणाऱ्या कंपन्यांची गोदामे ह्या पट्ट्यात पसरली आहेत. बेंगळूरुचे संगणक अभियंते पहाटेच्या अंधारात येथे बिर्याणीसाठी रांगा लावतात, आणि त्या रांगांची चित्रे सर्वत्र पाहावयास मिळतात. गावात सरकारी पदवीपूर्व महाविद्यालय आहे, सरकारी 'प्रथम दर्जा महाविद्यालय' आहे. त्यांची चित्रे काढावयास कोणी येत नाही.

'प्रथम दर्जा' हा शब्द ऐकून बाहेरचा माणूस हसतो. तो गुणवत्तेचा दाखला नाही. जुन्या मद्रास विद्यापीठाच्या व्यवस्थेत पदवीपर्यंत शिकवणारे ते पहिल्या दर्जाचे आणि त्याखालच्या परीक्षेपर्यंत शिकवणारे ते दुसऱ्या दर्जाचे महाविद्यालय, अशी विभागणी होती. त्यातले पहिले नाव कर्नाटकात टिकून राहिले. नावे टिकतात, विभागण्याही टिकतात.

ह्या गावात योजनेस लागणारी सामग्री सारी हजर आहे. सरकारी हायस्कूल, सरकारी पदवीपूर्व वर्ग, सरकारी पदवी महाविद्यालय. विद्यापीठ त्याच रस्त्यावर पुढे कोलारला. आणि ज्यांच्यासाठी ती योजना असावयास हवी ती मुलेही आहेत: गोदामात माल चढवणाऱ्यांची, बांधकामावर आलेल्यांची, जमीन औद्योगिक वसाहतीत गेलेल्या शेतकऱ्यांची, आणि भाजीपाला, द्राक्षे पिकवून अजून तग धरून असलेल्यांची. परंतु ह्या संस्था एकमेकींशी बोलत नाहीत. दहावीच्या परीक्षेवर एक रेघ मारलेली आहे, आणि त्या रेघेवर मुलाच्या हातातले एकेक साधन काढून घेतले जाते.

सर्वांत आधी जाते ते जेवण. दुपारच्या जेवणाची केंद्राची योजना आठवीपर्यंतचीच आहे. कर्नाटक सरकार आपल्या खर्चाने नववी-दहावीलाही जेवण देते, हे त्याच्या श्रेयाचे आहे. पण अकरावीत ताट उचलले जाते. ज्या आवारांत हायस्कूल आणि पदवीपूर्व वर्ग शेजारी शेजारी भरतात तेथे हा प्रकार नजरेत भरतो: धाकटी बहीण भात-सांबार खात असते आणि थोरला भाऊ कॉलेजात गेलेला असल्यामुळे उपाशी असतो. पाठ्यपुस्तकांचे तेच. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा तर चौदाव्या वर्षीच हात सोडून देतो. मुलींना जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेखाली साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत झाला आहे, आणि तालुक्यातल्या खेड्यावरून महाविद्यालयात येणाऱ्या मुलीच्या दृष्टीने ह्या एका निर्णयाचे मोल शंभर परिसंवादांहून मोठे आहे. पण बसमधून उतरल्यावर पुढे काय?

पुढे भाषा आडवी येते. दहावीपर्यंत कन्नडमधून शिकलेला मुलगा विज्ञान घेतो आणि एका उन्हाळ्याच्या सुटीनंतर त्याच्यापुढचा फळा इंग्रजी झालेला असतो. बेळगाव-खानापूरकडच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाची स्थिती तीच, आणि महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्याचीही तीच. सीमाप्रश्नावर एकमेकांविरुद्ध घोषणा देणाऱ्यांनी कधी तरी अकरावी विज्ञानाच्या पहिल्या आठवड्यात मागच्या बाकावर जाऊन बसावे. कन्नड आणि मराठी मूल तेथे सारख्याच मुकाट्याने बसलेले दिसेल. पुष्कळ मुले ह्या भीतीपायीच कलाशाखेकडे वळतात. (कलाशाखेत काही वाईट आहे असे नव्हे, प्रस्तुत लेखक तेथूनच आला आहे. पण शाखा भीतीने निवडणे वेगळे आणि आवडीने निवडणे वेगळे.) अर्ली कॉलेजची अर्धी किमया ह्याच जागी आहे. तेथे नववी-दहावीची दोन वर्षे पूल बांधण्यात घातली जातात: वाचन, लेखन, टिपणे काढणे, परक्या परिभाषेत विचार करणे. आपल्याकडे पुलाची वर्षे एका शिक्षण खात्याकडे आणि पलीकडचा तीर दुसऱ्याकडे, अशी वाटणी झालेली आहे.

रेघ कोणी मारली?

ही रेघ काही आकाशातून पडलेली नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध सुचवला, तेव्हा त्याचा आग्रह असा होता की पदवीपूर्व वर्ग विद्यापीठे आणि महाविद्यालये ह्यांच्याकडून काढून माध्यमिक शाळांकडे द्यावेत, म्हणजे शाळाच वरच्या इयत्तांपर्यंत वाढतील आणि त्यांचा कस वाढेल. त्याच आयोगाने सर्वांसाठी समान शाळेची शिफारस केली होती. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले. गरिबाची शाळा म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. राज्यकर्त्यांनी अहवालातले आकडे उचलले आणि आशय टाकून दिला. कर्नाटकाने १९७१ च्या सुमारास दोन वर्षांचा पदवीपूर्व अभ्यासक्रम सुरू केला आणि त्याला स्वतंत्र खाते दिले. महाराष्ट्रात १९७५ पासून नवी अकरावी आली. ती काही ठिकाणी शाळेला चिकटवली, काही ठिकाणी महाविद्यालयाला, तर काही ठिकाणी दोन्हींपासून अलग ठेवली. ही दोन वर्षे कोणाचीच झाली नाहीत. आणि कोणाची नसलेली जमीन कोण बळकावतो हे शेतकऱ्यांत काम केलेल्या वाचकास सांगावयास नको.

ती बळकावली शिकवणीच्या व्यापाऱ्यांनी. महाराष्ट्रात १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले गेले, २००१ मध्ये 'कायम विनाअनुदानित' हे अजब विशेषण शासकीय भाषेत दाखल झाले. कर्नाटकात देणगीच्या महाविद्यालयांची परंपरा त्याहून जुनी. व्यावसायिक शिक्षणाची जागा विकत मिळू लागली की त्या जागेकडे नेणारी दोन वर्षेही विकाऊ होतात. आज 'इंटिग्रेटेड' म्हणून जो प्रकार चालतो त्यात मुलाचे नाव एका महाविद्यालयाच्या पटावर असते आणि मूल दुसऱ्याच इमारतीत प्रवेशपरीक्षेची गणिते सोडवत असते. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये मोठ्या शहरांतील विज्ञानशाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बोटांच्या ठशांवर हजेरी घेण्याचा आदेश काढला. केंद्रीय परीक्षा मंडळाने २०२४ मध्ये अशा नावापुरत्या शाळांची संलग्नता काढून घेतली. व्यापार थांबला का? जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने शिकवणीवर्गांसाठी नियमावली जाहीर केली, तीत सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देण्यास मनाई आहे. सोळावे वर्ष म्हणजे अकरावी. अर्थात ज्या वयापासून ही मुले सार्वजनिक संस्थेच्या हाती असावयास हवीत, त्याच वयापासून बाजारास ती मोकळी करून देण्यात आली!

हेही एका अर्थी 'लवकरचे महाविद्यालय'च आहे. सोळाव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयाची तयारी सुरू होते, फरक एवढाच की ती लाखो रुपयांत होते आणि तीत महाविद्यालय नावाला आणि शिक्षण चवीला असते. होसकोट्याच्या गोदामातल्या हमालाचे मूल ह्या शर्यतीत धावतही नाही. ते प्रेक्षकांतही नसते.

आपल्याच काही साथींना

आता दुसऱ्या आक्षेपाकडे. ही योजना बिल गेट्सच्या पैशाने वाढली, हे खरे आहे. २००२ मध्ये गेट्स प्रतिष्ठानाने कार्नेगी, फोर्ड आणि केलॉग ह्या प्रतिष्ठानांसह तिचा पुरस्कार केला आणि काही वर्षांत दोनशेहून अधिक शाळा उभ्या राहिल्या. पण वाढवणारा आणि जन्म देणारा एक नसतो. १९६९ च्या वसंतात न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये काळ्या आणि पोर्तोरिकन विद्यार्थ्यांनी आवार ताब्यात घेतले. त्या लढ्याच्या रेट्याखाली १९७० पासून त्या शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाला हायस्कूल उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकास प्रवेश द्यावा लागला. कामगारवस्तीतली मुले दारात आली, आणि शाळेने त्यांना महाविद्यालयासाठी काहीच तयार केलेले नाही हे उघड झाले. क्वीन्स विभागात, एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत, १९७१ मध्ये सुरू झालेल्या लाग्वार्डिया महाविद्यालयाने १९७४ मध्ये आपल्याच आवारात हायस्कूल काढले; प्राध्यापिका जॅनेट लीबरमन ह्यांची ती कल्पना. तेच ह्या साऱ्याचे मूळ. दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, शहराच्या दिवाळखोरीचे निमित्त करून शतकाहून अधिक काळ मोफत असलेल्या त्या विद्यापीठात फी लावण्यात आली. लढून मिळवलेली गोष्ट, मग तिची आर्थिक कोंडी, मग दानशूरांचे आगमन: हा क्रम आपल्या परिचयाचा नाही काय?

ती योजना चालते का, ह्याचेही उत्तर आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्च ह्या संस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अशा शाळा घेतल्या होत्या, की जेथे जागांपेक्षा अर्ज अधिक असल्यामुळे सोडतीने प्रवेश झाले. सोडतीत नाव आलेली आणि न आलेली मुले सारख्याच घरांतली, म्हणून तुलना चोख. नाव आलेल्यांपैकी २२ टक्क्यांनी पाहणीच्या मुदतीत महाविद्यालयाची पदविका वा पदवी हाती घेतली होती. न आलेल्यांपैकी २ टक्क्यांनी. बुद्धी सोडतीने वाटली जात नाही. मग हा फरक संस्थेने केला, असेच म्हणावे लागते. त्या योजनेत दोष नाहीत असे नाही: एका महाविद्यालयाने दिलेले गुणांक दुसरे मान्य करत नाही, स्वस्तात हंगामी प्राध्यापक राबवले जातात, आणि २०११ मध्ये ब्रुकलिनला आयबीएम कंपनीच्या सहभागाने निघालेल्या शाळेसारख्या प्रयोगांत अभ्यासक्रमावर कारखानदाराची सावली पडते. हे दोष सांगावयाचे ते योजना हाती घेण्याआधी शहाणे व्हावे म्हणून.

शिवाय आपल्या परंपरेचा आपणास विसर का पडावा? मॉस्कोत १९१९ मध्ये पहिली 'राबफाक', म्हणजे कामगार विद्याशाखा, उघडली. ती विद्यापीठाला जोडलेली असे. कारखान्यातून आणि शेतावरून आलेल्या, शाळा अर्धवट राहिलेल्या तरुणांना तेथे दिवसाच्या वर्गात तीन किंवा संध्याकाळच्या वर्गात चार वर्षांत विद्यापीठाच्या तोडीस आणले जाई. पूर्व जर्मनीत १९४९ पासून अशाच कामगार-शेतकरी विद्याशाखा होत्या. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला, त्याच्या आधीच, १९४० च्या सुमारास, राबफाक बंद झाल्या होत्या. जर्मनीतल्याही बहुतेक १९६३ पर्यंत मिटल्या. त्या अपयशाने मिटल्या नाहीत. सर्वसाधारण शाळाच वरपर्यंत पोहोचल्यावर निराळ्या शिडीची गरज उरली नाही.

आणि साताऱ्यास काय घडले? रयत शिक्षण संस्थेची स्थापना १९१९ ची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याचे वसतिगृह काढले, १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. वसतिगृहातली मुले हायस्कुलात गेली आणि हायस्कुलातली मुले पुढे कोठे जाणार म्हणून कॉलेज निघाले. मुलाच्या वाटेवर जेथे खड्डा लागेल तेथे संस्था उभी करावयाची, ही ती रीत. 'कमवा आणि शिका' ह्या तत्त्वाचा हल्ली मोठा उदो उदो होतो, म्हणून एक भेद स्पष्ट केला पाहिजे: साताऱ्याची मुले संस्थेच्या शेतावर आणि बांधकामावर राबत, त्या श्रमाचे फळ संस्थेत, म्हणजे त्यांच्याच शिक्षणात, परत येई. मोबाइल जुळवणीच्या पट्ट्यावर शिकाऊ म्हणून उभ्या केलेल्या मुलीच्या श्रमाचे फळ कोठे जाते?

बाहेर पडण्याची दारे

हा प्रश्न होसकोट्याच्या रस्त्यावर काल्पनिक नाही. त्याच महामार्गाने कोलार जिल्ह्यात शिरले की नरसापुरा लागते. १२ डिसेंबर २०२० रोजी तेथील विस्ट्रॉन कंपनीच्या आयफोन जुळवणीच्या कारखान्यात थकलेल्या आणि कापलेल्या वेतनावरून कंत्राटी कामगारांचा उद्रेक झाला. अभियांत्रिकी पदवीधराला २१,००० रुपये कबूल करून हाती १६,००० आणि पुढे १२,००० ठेवल्याच्या तक्रारी तेव्हाच्या वृत्तपत्रांत छापून आल्या. वेतन आणि कामाचे तास ह्यांबाबत कायद्याचे उल्लंघन झाल्याचे राज्याच्या कारखाने खात्यालाच आढळले. २०२३ मध्ये तो कारखाना टाटांकडे गेला. तोडफोडीवर अग्रलेख झडले. पदवी घेऊनही माणूस कंत्राटदाराच्या यादीतला एक क्रमांकच राहतो, ह्यावर किती झडले?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ह्या यादीची सोय आणखी सुकर केली. एक वर्ष शिकून बाहेर पडा, प्रमाणपत्र घ्या. दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. ह्याला लवचीकपणा म्हणतात. ज्याच्या घरी पैसा आहे तो मधल्या दारातून कशाला बाहेर पडेल? ते दार मजुराच्या मुलासाठी आहे, आणि दारापाशी कंत्राटदार उभा आहे. कर्नाटकाने हे धोरण २०२१ मध्ये देशात सर्वांआधी अमलात आणले आणि २०२४ मध्ये चार वर्षांची पदवी रद्द करून जुन्या तीन वर्षांच्या पदवीकडे माघार घेतली. मधल्या तीन तुकड्यांतील मुलांचा जो गोंधळ उडाला त्याचा हिशेब कोणी द्यावयाचा हे ठरलेले नाही.

मात्र ह्याच धोरणाच्या पोटात एक हत्यार पडून आहे. गुणांक साठवण्याची पेढी २०२१ पासून आहे. २०२३ च्या राष्ट्रीय आराखड्यात शालेय शिक्षणही गुणांकांत मोजण्याची तरतूद केली आहे. बाहेर पडणाऱ्याचे गुणांक जमा होतात, तर आत येऊ पाहणाऱ्याचे का होऊ नयेत? अकरावीतल्या मुलाने सरकारी पदवी महाविद्यालयात जाऊन इतिहासाचा वा संख्याशास्त्राचा एक विषय पूर्ण केला, तर विद्यापीठाने तो त्याच्या पदवीत धरावा, ह्याला कागदावर अडथळा उरलेला नाही. अडथळा आहे तो माणसांचा आणि पैशांचा.

माणसांचा म्हणजे कसा? कर्नाटकातील सरकारी पदवी महाविद्यालये हजारो अतिथी व्याख्यात्यांच्या जिवावर चालतात. वर्षानुवर्षे घरचे म्हणून राबवावयाचे आणि वेतनाच्या वेळी अतिथी म्हणावयाचे, असे हे नाव आहे. आंदोलनानंतर जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या मानधनाची कमाल मर्यादा ३२,००० रुपये झाली. पण त्याबरोबर आठवड्याच्या तासांचा भार वाढवल्याने अनेकांचे कामच गेले. २०२३ च्या अखेरीस ते पुन्हा रस्त्यावर होते. पंधरा-सोळा वर्षांच्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला शिकवणे हे महाविद्यालयातले सर्वांत कठीण काम. ते पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ठाऊक नसलेल्या शिक्षकावर सोपवून कोणतीही योजना यशस्वी होणार नाही. न्यूयॉर्कमध्ये नाही, होसकोट्यात नाही. म्हणून अतिथी व्याख्यात्यांना सेवेत कायम करण्याची मागणी आणि ही मागणी एकच आहे. तिला निराळी मानून विद्यार्थी संघटनेने एका दिवशी आणि शिक्षक संघटनेने दुसऱ्या दिवशी मोर्चा काढण्यात अर्थ नाही.

पैशांचा म्हणजे कसा, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसले. निधी नाही म्हणून नव्याने काढलेली नऊ विद्यापीठे मिटवण्याची शिफारस राज्याच्या मंत्रिमंडळ उपसमितीने केली. त्यानंतर सहाच महिन्यांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, सुखदेव थोरात ह्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य शिक्षण धोरण आयोगाने अहवाल सादर केला. दोन वर्षे पूर्वप्राथमिक, आठ वर्षे प्राथमिक आणि चार वर्षे माध्यमिक, अशी रचना त्याने सुचवली. नववी ते बारावी एक सलग टप्पा! कोठारींनंतर सहा दशकांनी ती रेघ पुसण्याची अधिकृत शिफारस हाती आली आहे. कोठारींच्या अहवालाचे जे झाले ते ह्याचे होऊ द्यावयाचे नसेल, तर आकडा आणि आशय दोन्ही एकदम मागितले पाहिजेत. नाहीतर खात्याची पाटी बदलेल, मुख्याध्यापकाला प्राचार्य म्हणतील आणि ताट दहावीलाच उचलले जाईल.

येथे एक सावधगिरीही हवी. पहिलीपासून बारावीपर्यंत एकाच आवारात चालणाऱ्या 'कर्नाटक पब्लिक स्कूल' शाळा सरकारने २०१८ च्या सुमारास काढावयास सुरुवात केली. कल्पना चांगली. पण त्यांच्या नावाखाली आसपासच्या लहान कन्नड शाळा मिटवल्या जातील, असा आक्षेप तेथील विद्यार्थी संघटनांनी घेतला आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. खालच्या पायऱ्या काढून वरच्या पायऱ्या बांधणे हे शिडीचे काम नव्हे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हीच तक्रार मांडली होती: रयतेच्या कराचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळला जातो आणि रयतेची प्राथमिक शाळा उपेक्षित राहते.

तेव्हा होसकोट्यात मागावयाचे काय, ते ठरवणे अवघड नाही. नववीचा प्रवेश पत्त्यावर द्यावा, परीक्षेवर नाही. जागा कमी पडल्या तर सोडत काढावी, तीही उघड्यावर. हायस्कूल आणि पदवीपूर्व वर्ग एका प्रमुखाखाली आणावेत. नववी-दहावीत रोज एक तास दोन भाषांमधून विज्ञान वाचण्याचा असावा, आणि तो शिकवणाऱ्यास त्याचे वेतन मिळावे. अकरावीपासून आठवड्यातून दोन दुपारी मुलांनी पदवी महाविद्यालयात जाऊन बसावे. आरंभी एकच विषय, मग दोन. कोलारच्या विद्यापीठाने त्यांची नोंद करावी. महामार्गावरच्या कंपन्यांकडून कर घ्यावा, उपकर घ्यावा. अभ्यासमंडळावर त्यांना जागा देऊ नये. शाळेत शिकत असलेले मूल पट्ट्यावर उभे करण्यास परवानगी नसावी, मग त्याला शिकाऊ म्हणोत वा आणखी काही.

कर्नाटकात शाळा जूनच्या तोंडावर उघडतात, आणि दहावीचा निकाल त्याच्या आधी लागतो. पदवीपूर्व प्रवेशाची धावपळ सुरू झाली की पालकाचे ह्या गोष्टीकडे लक्ष वेधणे शक्य होत नाही. त्याला त्या आठवड्यात फक्त फीचा आकडा दिसतो. बैठका घ्यावयाच्या त्या त्याआधी, मार्च-एप्रिलमध्ये, गोदामांच्या पाळ्या सुटतात त्या वेळी आणि त्या फाटकांवर घ्याव्या लागतील. पत्रके कन्नडमध्ये हवीत. उर्दू, तेलुगू आणि हिंदीतही हवीत, कारण त्या फाटकातून बाहेर पडणारे कामगार ह्या सर्व भाषा बोलतात. पहिली मागणी बारावीपर्यंत दुपारच्या जेवणाची ठेवावी. ती समजावून सांगण्यास वेळ लागत नाही, आणि ती मान्य झाल्यास त्याच वर्षी मोजता येते.